निजाम सक्का व राणेखान भिस्ती

गेल्या आषाढांत जुन्या नाण्यांचा शौक असलेल्या एका स्नेह्यांनीं मजकडे एक चामड्याची टिकली तपासावयास पाठविली. आकार रुपयाएवढा, मध्यें सोन्याच्या मुलाम्याचा बारीक ठिपका, एका अंगास फारसी अक्षरांत ‘निजाम’ असा शब्द व त्याखालीं ९३७ हा आंकडा. विकणारानें ती ‘हुमायून बादशहास गंगेंतून काढणाऱ्या भिस्त्याचें नाणें’ म्हणून दिली होती आणि किंमतही त्या नांवास शोभेल अशीच घेतली होती. माझा अभिप्राय दोन ओळींत कळवितां आला असता. परंतु त्या निमित्तानें मूळ ग्रंथ पुन्हां चाळले, तों असें दिसून आलें कीं, ही गोष्ट आपल्याकडे जितकी सर्वतोमुखीं झाली आहे तितकी पुराव्याशीं ताडून पाहिली गेलेली नाहीं. शिवाय तिच्या पाठोपाठ आपल्या घरचाच एक प्रश्न उभा राहतो. पानिपतावर घायाळ होऊन पडलेल्या महादजी शिंद्यांस उचलून आणणारा राणेखान हाही भिस्तीच होता असें म्हणतात. तेव्हां ‘मोंगलांची कथा मराठ्यांनीं उचलली आणि हुमायुनाच्या जागीं पाटीलबावांस बसविलें’ असा संशय एका विद्वान् गृहस्थांनीं मजपाशीं बोलून दाखविला. संशय क्षुल्लक नाहीं. तो खरा ठरल्यास उत्तरेंतील आपल्या एका मोठ्या सरदाराचा आरंभ दंतकथेंत जमा होईल.

प्रथम चौसाचा प्रसंग पाहूं. बंगाल्यांत गौड येथें पुष्कळ महिने घालवून हुमायून आग्र्याकडे परतत असतां शेरखान सुरानें त्याची वाट अडविली. बक्सरजवळ गंगेस कर्मनाशा नदी मिळते, तेथें चौसा गांवच्या परिसरांत दोन्ही सैन्यें सुमारें तीन महिने समोरासमोर तळ देऊन राहिलीं. कर्मनाशेचें नांव आपल्या यात्रेकरूंस नवें नाहीं. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला असतां केलेलें पुण्य जातें या समजुतीनें काशीहून गयेस जाणारे लोक ती नदी फार जपून उतरत, आणि त्यांची ही अडचण दूर व्हावी म्हणून तिजवर पूल बांधण्याचें काम खुद्द नाना फडणिसांनीं हातीं घेतलें होतें, तें त्यांच्या मागें दुसऱ्यांकडून तडीस गेलें. असो. तहाचीं बोलणीं चालू होतीं, त्यामुळें मोंगल गाफील राहिले. ता. २६ जून १५३९ (९ सफर ९४६, शके १४६१) रोजीं पहाटे शेरखानानें एकाएकीं छापा घातला. एका बाजूस कर्मनाशा, दुसऱ्या बाजूस पावसाळ्यानें चढत चाललेली गंगा, नावांचा पूल हातचा गेलेला; अशा कोंडींत सांपडलेलें सैन्य तरवारीनें मेलें त्याहून पाण्यांत अधिक बुडालें असावें. जनान्यांतील बायकाही यांतून सुटल्या नाहींत. हुमायुनाची लहान मुलगी अकीका त्या दिवशीं जी नाहींशी झाली ती पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. तिला बरोबर कां नेलें, याबद्दल त्यानें पुढें बहिणीजवळ हळहळ व्यक्त केली, ती त्या बहिणीनें लिहून ठेविली आहे. त्याची बेगम बेगा ही शत्रूच्या हातीं लागली. शेरखानानें तिला सन्मानानें परत पाठविलें. दिल्लीस हुमायुनाची कबर पुढें बांधविली ती हिनेंच.

या गर्दींत बादशहानें घोडा गंगेंत घातला. घोडा खालून गेला आणि स्वार प्रवाहांत गटांगळ्या खाऊं लागला. तेव्हां एका पाणक्यानें आपली फुगविलेली मसक त्यास धरावयास दिली आणि तिच्या आधारानें त्यास पैलतीरीं नेलें. पोहतां पोहतां बादशहानें नांव विचारलें. ‘निजाम’ असें उत्तर मिळालें. त्यावर, तूं तर माझा निजाम अवलियाच आहेस, असे उद्गार काढून, सुखरूप तख्तावर बसलों तर तुलाही त्या तख्तावर बसवीन असें वचन त्यानें दिलें.

या हकीकतीचे मुख्य साक्षीदार तीन. अबुल फजल हा सर्वांत प्रसिद्ध, पण चौसाच्या वेळीं त्याचा जन्मही झालेला नव्हता, तो इ. स. १५५१ मधील. त्यास माहिती मिळावी म्हणून अकबरानें वृद्ध माणसांस आपापल्या आठवणी लिहावयास सांगितल्या, आणि त्यांतून दोन अमोल ग्रंथ निर्माण झाले. एक हुमायुनाची बहीण गुलबदन बेगम हिचा, दुसरा जौहर नांवाच्या जुन्या चाकराचा. जौहर हा ‘आफताबची’ होता. म्हणजे बादशहाच्या हातावर पाणी घालण्यासाठीं सुरई घेऊन उभा राहणारा. पाण्याच्या चाकरीवरील एका माणसाची हकीकत पाण्याच्या चाकरीवरीलच दुसऱ्या माणसाकडून आपणांस मिळते, ही गोष्ट मला लक्षांत ठेवण्यासारखी वाटते. दरबारी इतिहासकार भिस्त्याकडे सिंहासनाच्या बाजूनें पाहतो. जौहर त्याच्याकडे चाकरांच्या रांगेंतून पाहतो. जौहरच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मेजर स्टुअर्टनें इ. स. १८३२ मध्यें लंडनास छापविलें. गुलबदनच्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत कर्नल हॅमिल्टनच्या संग्रहांतून तेव्हांच्या ब्रिटिश म्युझियमांत गेली व आतां ती ब्रिटिश लायब्ररींत आहे. शेवटचीं पानें नाहींत, वाक्य अर्ध्यावर तुटतें. हस्तलिखितें जमविणारांनीं फाटक्या बाडांकडे पाठ फिरवूं नये, यास याहून चांगला दाखला कोणता द्यावा!

वचन पाळलें गेलें, याबद्दल साक्षीदारांत मतभेद नाहीं. मतभेद आहे तो काळाविषयीं. अबुल फजल म्हणतो अर्धा दिवस. गुलबदन म्हणते दोन दिवस. अबुल फजलाचें भाषांतर हेन्री बेव्हरिजनें केलें आणि गुलबदनचें त्याच्याच पत्नीनें, इ. स. १९०२ मध्यें, म्हणजे हा दीड दिवसाचा वाद एकाच घरांत जेवावयास बसत होता. हिंदुस्थानी लोकांनीं त्यांत पडण्याचें टाळून दोघांची बेरीज केलेली दिसते, कारण त्यांच्या म्हणींत भिस्त्याची बादशाही अडीच दिवसांची आहे. आपण मराठे याहून कडक. आपल्याकडे क्षणिक सत्तेस ‘औट घटकेचें राज्य’ म्हणतात, म्हणजे साडेतीन घटका, हल्लींच्या हिशेबानें दीड तासही पुरता नाहीं. अडीच काय, औट काय, हे बोलण्यांतील ठराविक आंकडे आहेत. त्यांवरून कालगणना करूं नये. काळाच्या बाबतींत मी अर्ध्या दिवसाकडे झुकतों. एक तर तें राजवचनाच्या शब्दांस धरून आहे. दुसरें असें कीं, शेरखान पाठीशीं असतां दोन पूर्ण दिवस दरबार अशा कामीं अडकविणें हुमायुनासही अवघड गेलें असतें. परंतु गुलबदन त्या वेळीं सोळा-सतरा वर्षांची असून आग्र्यास होती, हें विसरून चालणार नाहीं. तिनें ऐकलें तें घरांतलें ऐकलें.

गुलबदनच्या हकीकतींत एक भाग असा आहे कीं, जो कल्पनेनें कोणी रचणार नाहीं. भिस्त्यास तख्तावर बसवून सर्व अमिरांनीं त्यास कुर्निसात करावा अशी आज्ञा झाली. त्यानें ज्यास जें पाहिजे तें दिलें, मनसबाही दिल्या. हिंदाल त्या प्रसंगीं हजर नव्हता. कामरान आला नाहीं. त्यानें निरोप पाठविला त्याचा आशय असा कीं, चाकरास इनाम द्यावयाचें तर दुसऱ्या प्रकारें द्यावें, तख्तावर बसविण्यांत औचित्य कोणतें, आणि शेरखान जवळ येऊन ठेपला असतां हा उद्योग काय! निरोप उद्धट आहे, पण खोटा नाहीं. वर्ष उलटण्यापूर्वींच, ता. १७ मे १५४० रोजीं, कनोजेजवळ हुमायुनाचा दुसरा पराभव झाला आणि तख्तच गेलें. दंतकथा अशी नाराजी सांभाळून ठेवीत नसते. तिच्या जगांत उपकार फेडणाऱ्या राजाची सर्वांनीं वाहवाच करावयाची असते. भावाचा हा रुसवा ग्रंथांत टिकला, यावरूनच तख्तावर बसविण्याचा प्रकार घडला होता असें मी मानतों.

मसकीविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण शहरांत नळ आल्यापासून ती वस्तु पाहिलेले लोक दुर्मिळ झाले आहेत. मसक व पखाल या एक नव्हेत. मसक ही बकऱ्याच्या अखंड कातड्याची. पायांचीं भोंकें शिवून किंवा बांधून टाकतात, मानेचें तोंड ठेवतात, आणि माणूस ती पट्ट्यानें खांद्याला अडकवून कमरेवर वागवितो. पखाल ही बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांस लोंबणारी मोठी चामडी पिशवी. ‘पयस्’ म्हणजे पाणी व ‘खल्ल’ म्हणजे चामडें, यांवरून हा शब्द आला असें व्युत्पत्तिकार सांगतात. ‘भिस्ती’ हा शब्द ‘बिहिश्ती’, म्हणजे स्वर्गींचा, यापासून निघाला. तहानेल्यास पाणी पाजणारास त्याहून योग्य नांव नाहीं. आतां, भरलेली मसक पाण्यांत कोणास तारणार नाहीं. ती रिकामी करून, तोंडानें फुगवून, मान आवळून बांधावी लागते; मग तिच्यांत जितकें पाणी मावलें असतें त्याच्या वजनाइतका भार ती तोलते. बुडत्या माणसाचें डोकें व खांदे वर राहण्यास तेवढें पुरे होतें. फुगविलेल्या कातड्यांवर नदी उतरण्याची रीत पंजाबाकडे फार जुनी आहे. आपल्याकडे तेंच काम वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करी. म्हणजे निजामानें चमत्कार कांहीं केला नाहीं. धंद्याचें हत्यार त्यानें पाणी वाहण्याऐवजीं वारा वाहण्यास लाविलें. पण बाण व तरवारी मागें असतां, गंगेच्या त्या ओघांत, आपल्यापुरती पुरणारी मसक दुसऱ्याच्या हातीं देणें यांत धैर्य आहे. आणि मसक देतांना हा बुडणारा बादशहा आहे हें त्यास ठाऊक होतें कीं नाहीं, हेंही विचारण्यासारखें आहे. नांव बादशहानें विचारलें, भिस्त्यानें नव्हे.

आतां चामड्याच्या नाण्याकडे वळूं. लोककथेप्रमाणें तख्तावर बसतांच निजामानें आपली मसक कापविली, तिच्या टिकल्या पाडल्या, त्यांवर सोन्याची टीक लाविली व तें नाणें राज्यांत चालविलें. हिंदुस्थानींत ‘चाम के दाम चलाना’ हा वाक्प्रचार याच गोष्टीशीं जोडतात. वरील तिन्ही ग्रंथांत या नाण्याचें नांव नाहीं. गुलबदन मनसबांपर्यंतचा तपशील देते, पण टांकसाळीविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. अशा गोष्टी लोक दुसऱ्या राजांच्याही माथीं मारतात. महंमद तुघलकानें इ. स. १३२९-३० च्या सुमारास काढलेलें संकेतनाणें तांब्यापितळेचें होतें, तरी त्यासही चामड्याचें म्हणणारे लोक भेटतात.

मग ही कल्पना आली कोठून? यावर माझा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच विद्वानांपुढें ठेवितों. पाणक्यास फारसींत ‘सक्का’ म्हणतात. नाण्यास व नाण्याच्या ठशास ‘सिक्का’ म्हणतात. फारसी लिहिण्यांत ऱ्हस्व स्वर दाखवीत नाहींत. ‘सक्का’ मधील काफ निराळा, कंठांतील, हें खरें. परंतु आपल्या देशांत सामान्य लोकांच्या तोंडीं दोन्ही काफ एकच होतात. तेव्हां ‘निजाम सक्का’ या शब्दांचा ‘निजाम सिक्का’ होण्यास जीभ थोडी घसरली कीं पुरे. हें केवळ माझ्या कल्पनेंतील नाहीं. अजमेरास ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याच्या आवारांत या भिस्त्याची म्हणून जी कबर दाखवितात, ती ‘निजाम सिक्क्याची’ म्हणून ओळखली जाते. एकदां नांवांत सिक्का शिरला म्हणजे कथेंतही तो शिरणारच. आणि राजचिन्हें दोन, खुतबा व सिक्का, असा शास्त्रार्थ असल्यामुळें कथा सांगणारास एक तरी चिन्ह भिस्त्याच्या हातीं द्यावयाचेंच होतें. खुतबा त्याच्या नांवें वाचविण्यास जीभ कचरली असेल. नाणें पाडण्यास चामडें जवळच होतें. कोणी उलट म्हणेल कीं, नाण्याची कथा आधीं व नांवांतील फरक मागून. तसेंही असूं शकेल. परंतु त्या पक्षीं कथेचें मूळ सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

स्नेह्यांच्या टिकलीचा निकाल याहून सोपा आहे. तिच्यावरील ९३७ हें हुमायुनाच्या राज्यारोहणाचें साल. चौसाची लढाई ९४६ च्या सफर महिन्यांतील, आणि कनोजेची ९४७ च्या मोहरमांतील. म्हणजे ९४७ साल उजाडलें तेव्हां हुमायून आग्रा सोडून गंगाकाठीं गेला होता. तेव्हां भिस्त्याच्या नांवें नाणें निघालेंच असतें तर त्यावर ९४६ हेंच साल पडावयास पाहिजे. ठसा खोदणारानें एखाद्या शालेय पुस्तकांतून बादशहाचा पहिला सन उचलला, आणि भिस्ती बादशहाबरोबरच गादीवर आला असें ठरवून टाकलें. हुमायुनाचें खरें नाणें ज्यांच्या संग्रहीं आहे त्यांस ठाऊकच आहे कीं, त्याचा चांदीचा शाहरुखी सुमारें ७२ ग्रेन वजनाचा, पातळ व पसरट असे. १७८ ग्रेनांचा ‘रुपया’ सुरू केला तो त्याच्या शत्रूनें, शेरशहानें. त्याच्या कित्येक रुपयांवर नागरी अक्षरेंही आहेत. म्हणजे हुमायुनाच्या पडत्या काळांत पाडलें म्हणावयाचें नाणें शेरशाही रुपयाच्या आकाराचें कापण्यांतही या कारागिरानें घाईच केली.

गंगेनें हुमायुनास दुसरा तारकही दिला, त्याची गोष्ट येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. कनोजेच्या पराभवानंतर हुमायून हत्तीवरून नदी उतरला. पैलतीराची दरड उंच. वर चढतां येईना. तेव्हां नुकत्याच पाण्यांतून वांचलेल्या एका शिपायानें वरून हात देऊन त्यास ओढून घेतलें. हा शमसुद्दीन महंमद, गजनीकडील एका शेतकऱ्याचा मुलगा. आणि गंमत अशी कीं, तो ज्या कामरानानें भिस्त्याच्या सन्मानावर नाक मुरडलें त्याच्याच चाकरींत होता. याला तख्त मिळालें नाहीं, नोकरी मिळाली. त्याची बायको जीजी अनगा ही अकबराची दाई झाली, तो ‘अतका’ म्हणजे दूधबाप झाला, आणि इ. स. १५६१ मध्यें वकिलीच्या पदास चढला. दुसऱ्याच वर्षीं, मे महिन्यांत, आदमखानानें त्याचा भर दरबारच्या ठिकाणीं खून केला. अकबरानें आदमखानास गच्चीवरून खालीं लोटविलें. अतकाखानाची सुंदर कबर दिल्लीस निजामुद्दीन अवलियाच्या दर्ग्याजवळ आहे. ज्याला बादशहानें निजाम अवलिया म्हटलें त्याची कबर मात्र दाखवितात ती अजमेरास. शमसुद्दीन सर्वांच्या स्मरणांतून गेला, तो इतिहासाच्या वाचकांपुरता उरला. निजामाचें नांव बाजारांतही ऐकूं येतें. अर्ध्या दिवसाच्या तख्तानें लोकांचें मन जितकें धरून ठेविलें तितकें बावीस वर्षांच्या चाकरीनें धरलें नाहीं.

आतां राणेखान. पौष शुद्ध ८, शके १६८२, ता. १४ जानेवारी १७६१. पानिपतावरून जे वांचून निघाले त्यांत राणोजी शिंद्यांचे पुत्र महादजी होते. त्यांच्या पाठलागाची हकीकत मालकमनें इ. स. १८२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तान्तांत दिली आहे. महादजींची दक्षिणी घोडी चपळ. मागें लागलेल्या अफगाणाचें जनावर जड, पण एका चालीनें चालणारें. घोडीनें पुष्कळ अंतर तोडावें, महादजींनीं क्षणभर दम घ्यावा, कीं मागें तो अफगाण आहेच. शेवटीं घोडी एका खड्ड्यांत पडली. अफगाणानें महादजींच्या पायावर वार केला, त्यांची विटंबना केली आणि त्यांस तसेंच टाकून तो निघून गेला. पुढें कित्येक दिवस झोंपेंत तो अफगाण व त्याचें तें बोजड घोडें दिसत असे, असें महादजी शिंदे इंग्रज रेसिडेंट पामर यांस सांगत. पाय जन्माचा अधू राहिला, हें तर सर्वप्रसिद्धच आहे.

त्या खड्ड्यांतून त्यांस राणेखानानें काढलें, आपल्या पखालीच्या बैलावर घातलें व दक्षिणेच्या वाटेस लाविलें, असें ग्रांट डफ सांगतो. महादजींनीं त्यास भाऊ मानलें. ‘भाई’ हें उपपद त्याच्या नांवास चिकटलें तें याचमुळें.

ही गोष्ट निजामाच्या गोष्टीवरून बेतली, असें म्हणणाराजवळ आधार काय? दोन्हींत भिस्ती आहे, दोन्हींत हरलेला धनी आहे, दोन्हींत मोठें इनाम आहे. यापैकीं पहिल्या साम्याचा उलगडा धंद्यानेंच होतो. लष्करांत जखमी माणसास प्रथम लागतें तें पाणी. तें घेऊन फिरणारा मनुष्यच त्याच्याजवळ प्रथम पोंचतो. शिवाय लढाईनंतर लुटारू ज्याच्या वाटेस जात नाहीं असा जो कोणी असेल तो भिस्तीच. चामड्याची पिशवी व एक बैल यांपलीकडे त्याच्याजवळ असतें काय? दुसरें, नक्कल करणारा मनुष्य कथेचें मर्म सोडीत नाहीं. निजामाच्या कथेचें मर्म नदी व फुगविलेली मसक. पानिपताहून दिल्लीच्या रोखें येणारास यमुना जवळच होती. कथाकारानें महादजींस तींत घालण्यास कांहीं अडचण नव्हती. तसें कोणी केलें नाहीं. येथें खड्डा आहे, पायावरील जखम आहे, आणि चालतां न येणारा मनुष्य वाहून नेण्यास लागतो तो बैल आहे. मसकवाला भिस्ती येथें कांहीं उपयोगाचा नव्हता. पखालवालाच पाहिजे होता.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार. निजाम अर्ध्या दिवसानंतर ग्रंथांतून उतरून जातो. राणेखान तसा जात नाहीं. उत्तरेंतील राजकारणाच्या मराठी पत्रांत तो सरदार म्हणून वावरतो. त्याच्या हालचाली, त्याचे मुक्काम, त्याच्याकडे गेलेलीं बोलणीं यांची बातमी दिल्लीहून पुण्यास जाते. लालसोटाच्या मोहिमेनंतर महादजींचें आसन डळमळीत झालें असतां जून १७८८ मध्यें आग्र्याजवळ इस्मईल बेगाचा मोड करणाऱ्या फौजेवर राणेखान होता. त्याच वर्षीं ऑगस्टच्या १० तारखेस गुलाम कादिरानें शहाआलमाचे डोळे काढले. दिल्लीवर जी मराठी फौज चालून गेली तिचा मुख्यही राणेखानच; ऑक्टोबरांत त्यानें किल्ला घेतला, आंधळ्या बादशहाची व त्याच्या उपाशी कुटुंबाची व्यवस्था लाविली, आणि गुलाम कादिराचा मीरतेपर्यंत पाठलाग करून त्यास वेढा घातला. गुलाम कादिर निसटला, पण पकडला जाऊन पुढल्या मार्च महिन्यांत मारला गेला. शहाआलम हा हुमायुनाच्याच वंशांतील. एका भिस्त्यानें ज्या घराण्याचा मूळपुरुष पाण्यांतून काढला होता, त्याच घराण्याच्या आंधळ्या वारसास अडीचशें वर्षांनीं कैदेंतून काढणाराही पूर्वीं पखाल वाहत होता, असा हा योग आहे. योगायोग म्हणूनच तो सांगतों. त्यावर अधिक इमारत चढवूं नये.

एवढें मात्र कबूल केलें पाहिजे कीं, राणेखान हा मूळचा भिस्ती, या एका कलमाचा भार मुख्यत्वें इंग्रज ग्रंथकारांनीं ऐकून लिहिलेल्या हकीकतीवर आहे. पत्रें त्यास ओळखतात तीं सरदार म्हणून. वकिलानें पुण्यास बातमी लिहितांना ‘हा पूर्वीं पखाल वाही’ असें लिहिण्याचें कारण नव्हतें, आणि पाटीलबावांच्या ‘भाई’विषयीं तसें लिहिण्याची छातीही सहसा कोणास झाली नसती. म्हणून पत्रांच्या मौनावरून ग्रांट डफास खोटा ठरवितां येत नाहीं. परंतु मौनावरून त्याची साक्ष पक्की झाली असेंही म्हणतां येत नाहीं. माझ्या मतें महादजींचा बचाव, जखम व राणेखानाचा उत्कर्ष हीं कलमें सिद्ध आहेत. बैल व पखाल हीं संभवनीय व प्रसंगास धरून आहेत. निजामाच्या कथेवरून उसनवारी झाली हें म्हणणें मात्र निराधार आहे.

स्नेह्यांस त्यांची टिकली परत पाठविली आहे. ती फेंकूं नये, शेजारीं खऱ्या शाहरुखीचें चित्र ठेवून संग्रहांतच ठेवावी, असें मी त्यांस सुचविलें. खोटें नाणेंही लोकांनीं काय खरें मानलें याचा पुरावा असतें. राणेखानाविषयीं मात्र काम राहिलें आहे. शके १६८२ पासून पुढील आठ-दहा वर्षांच्या शिंद्यांकडील रोजकीर्दी, पागेचे जमाखर्च किंवा पखालजींच्या दरमहाच्या यादी ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं त्या कृपा करून चाळून पाहाव्या. राणेखानाचें नांव एखाद्या बैलाच्या दाणावैरणीच्या ओळीशेजारीं सांपडल्यास त्या पानाची नक्कल, तारीख व मोडीचा मूळ पाठ यांसह, मंडळाकडे पाठवावी.